आगगाडीचे सांधे आणि कोळशाचे धागे

आगगाडी म्हटलं की डोळ्यांसमोर इंजिन येतं, डबे येतात, खिडकीत बसलेली माणसं येतात. दोन डब्यांच्या मधली जागा सहसा कुणाला आठवत नाही. तिथे वंगणाचा वास असतो, काळी धूळ असते, लोंबणाऱ्या नळ्या असतात आणि लोखंडाचा खडखडाट असतो. पण गाडीला गाडीपण येतं ते त्याच जागेमुळे. डबे एकमेकांना जोडलेले नसतील, डबा चाकांना जोडलेला नसेल, तर उरते ती रुळांवर उभी केलेली खोल्यांची रांग. आज मला बोलायचं आहे ते या जोडांविषयी, आणि त्यांत पोलादाच्या जागी येऊ पाहणाऱ्या एका हलक्या पदार्थाविषयी.

या जोडांना मी सांधे म्हणणार आहे. रेल्वेत सांधा म्हणजे रूळ बदलण्याची जागा आणि सांधेवाला म्हणजे ते रूळ बदलणारा माणूस. तो अर्थ क्षणभर बाजूला ठेवू. मला अभिप्रेत आहे तो शरीरातला सांधा, म्हणजे गुडघा, कोपर, मनगट. गुडघा दोन हाडांना धरून ठेवतो आणि त्यांना हलूही देतो. नुसता धरून ठेवणारा गुडघा आखडलेला म्हणायचा आणि नुसता हलणारा निखळलेला. बैलगाडीचं जू दांडीला नाड्यानं आवळून बांधतात, खिळे मारून पक्कं करत नाहीत, त्याचं कारणही हेच. रस्ता वरखाली होतो, बैल मागेपुढे होतात, आणि तेवढी मोकळीक नसेल तर काहीतरी मोडतंच.

आगगाडीला हा धडा शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मालगाड्यांचे डबे एका कडीनं आणि एका खिळीनं जोडत. डबा मागून येत असताना एक कामगार मध्ये उभा राहून कडी हातानं धरायचा आणि डबे भिडता भिडता वरून खिळी टाकायचा. क्षणाचा उशीर झाला की बोटं जायची, कधी हात जायचा, कधी माणूसच चिरडला जायचा. नव्या कामगाराला सगळी बोटं शाबूत आहेत की नाहीत यावरून त्याचा अनुभव जोखला जाई, असं त्या काळाविषयी सांगतात. ईलाय जॅनी नावाचे एक गृहस्थ कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्यांनी लाकडाचे तुकडे कोरून एक नवा जोड तयार केला. दोन माणसांनी बोटं वाकवून एकमेकांच्या मुठीत अडकवावीत तसे त्याचे दोन भाग नुसते भिडले की आपोआप अडकतात. १८७३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. आणि १८९३ मध्ये अमेरिकेनं कायदाच केला, की डबे जोडताना माणसाला मध्ये जायला लागू नये.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. आपल्याकडच्या जुन्या, निळ्या किंवा विटकरी रंगाच्या डब्यांना स्क्रू कपलिंग असे. दोन्ही बाजूंना बफरच्या गोल तबकड्या, मध्ये आकडा आणि फिरवून घट्ट करायचा मळसूत्री दांडा. तो बसवायला शंटिंगचा माणूस वाकून दोन डब्यांच्या मध्ये शिरायचा. नंतर जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे आले. त्यांच्या मधोमध जो जोड असतो तो जॅनी यांच्याच मुठीच्या घराण्यातला. आपली दख्खनची राणी १९३० पासून धावते आहे. २२ जून २०२२ पासून ती या एलएचबी डब्यांची झाली. त्या दिवसापासून पुणे-मुंबई प्रवास करणारा प्रत्येक जण सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी नमुन्याच्या वारसदारावर विसंबून असतो.

आता जरा खाली वाकून पाहू. डबा आणि चाकं यांच्यामध्ये जे काही आहे तिथे खरी कसोटी असते. आपण बोलताना सरसकट डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याच्या खालचा चार चाकांचा गाडा. एका डब्याखाली असे दोन गाडे असतात, एक पुढे, एक मागे. या गाड्याला पोलादी पट्ट्यांची जाड चौकट असते. डाव्या-उजव्या बाजूला एकेक लांब तुळई आणि मध्ये त्यांना जोडणारी आडवी तुळई, साधारण इंग्रजी एच अक्षरासारखी. चाकांचे आस ज्या पेट्यांत फिरतात त्या पेट्या आणि ही चौकट यांच्यामध्ये गुंडाळीच्या आकाराच्या जाडजूड स्प्रिंगा बसवलेल्या असतात.

म्हणजे इथे कामाची वाटणी झालेली आहे. चौकटीनं ताठ राहायचं, भार पेलायचा, चाकं समांतर ठेवायची. स्प्रिंगेनं दबायचं, उसळायचं, धक्के गिळायचे. धरून ठेवणारा एक, लवणारा दुसरा. आणि दोघे वेगळे झाले की त्यांच्यामध्ये आणखी एक जोड आला. त्याला बैठक हवी, वेल्डिंग हवं, आणि वेल्डिंग आलं की त्याची तपासणी हवी.

ही वाटणी कुठे अपुरी पडते हे दोन घटनांवरून कळतं. दोन्ही जपानमधल्या आहेत. रेल्वेच्या काटेकोरपणासाठी ज्या देशाचं नाव घेतलं जातं, तिथल्या.

पहिली ८ मार्च २००० ची. टोकियोच्या हिबिया मेट्रो मार्गावर नाकामेगुरो स्थानकाजवळ एका तीव्र वळणावर गाडीचा शेवटचा डबा रुळावरून घसरला आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळला. पाच माणसं गेली, साठाहून अधिक जखमी झाली. वेग फार नव्हता. कुणी सिग्नल तोडला नव्हता. बऱ्याच लहानसहान कारणांची बेरीज झाली होती, आणि त्यांतलं एक मोठं कारण म्हणजे डाव्या-उजव्या चाकांवर सारखा भार नव्हता. वळणावर शिरताना आणि बाहेर पडताना एक रूळ दुसऱ्यापेक्षा उंच होत जातो, म्हणजे लोहमार्गाला पीळ पडतो. बोगीची चौकट फार ताठ असेल तर चारही चाकं त्या पिळाशी जुळवून घेत नाहीत. तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या डुगडुगत्या चारपाईसारखी गत होते, एका चाकावरचा भार हलका होतो. अशा हलक्या झालेल्या चाकाची कड रुळाच्या डोक्यावर चढू शकते. या अपघातानंतर जपानी रेल्वेनं चाकांवरच्या भारातली तफावत १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक घातला.

दुसरी घटना ११ डिसेंबर २०१७ ची. हाकाताहून टोकियोला निघालेल्या नोझोमी शिंकान्सेन गाडीत कर्मचाऱ्यांना जळका वास आला, खालून विचित्र आवाज ऐकू आले. तरीही गाडी सुमारे तीन तास पुढे धावत राहिली आणि शेवटी नागोयाला थांबवली गेली. खाली पाहिलं तर बोगीच्या चौकटीच्या बाजूच्या तुळईला तडा गेला होता. तुळईची उंची १७ सेंटीमीटर आणि तडा १४ सेंटीमीटरपर्यंत वर चढलेला. ३ सेंटीमीटर पोलादावर ती गाडी तगून होती. कुणाला इजा झाली नाही, पण तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं तिची नोंद गंभीर घटना म्हणून केली. शिंकान्सेनच्या इतिहासात असा शिक्का प्रथमच बसला.

तडा का गेला, हे ऐकण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये चौकट बनवणाऱ्या कावासाकी कंपनीनं ते स्वतःच जाहीर केलं. तुळईच्या तळाचा पत्रा निदान ७ मिलिमीटर जाड असायला हवा होता. तो एका ठिकाणी ४.७ मिलिमीटर इतका पातळ झाला होता. स्प्रिंगेची बैठक तिथे नीट टेकावी, म्हणून कारखान्यात तो भाग घासून सपाट करण्यात आला होता. म्हणजे तडा गेला तो नेमका कुठे? ताठ चौकट आणि लवणारी स्प्रिंग एकमेकांना भेटतात तिथे. बैठक चपखल बसवणाऱ्या कामगाराच्या मनात काही वाईट नसणार. जोड नीट बसला पाहिजे म्हणून त्यानं घासलं, आणि घासल्यानंच जोड अशक्त झाला.

मग प्रश्न असा येतो, की धरून ठेवणं आणि लवणं ही दोन्ही कामं एकच वस्तू करू शकेल का? तसं झालं तर हा मधला जोडच उरणार नाही.

माणसाला या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी सापडलं होतं. त्याचं नाव कमान. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत आपण दरवाजाच्या अर्धगोलाला कमान म्हणतो, आणि ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री मागच्या चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याला कमानपाटा म्हणतात. मध्य आशियातल्या घोडेस्वारांची आणि पुढे मुघल सैन्यातली उत्तम धनुष्यं एकाच लाकडाची नसत. मध्ये लाकडाची पातळ पट्टी, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या आणि पलीकडच्या बाजूला जनावराच्या स्नायुतंतूंचा थर, हे सगळं सरसानं चिकटवलेलं. धनुष्य ओढलं की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात, लाकूड दोघांना जागेवर ठेवतं आणि सरस सगळ्यांना एकजीव करतो. एकट्या लाकडाला झेपणार नाही इतकं ते धनुष्य वाकतं आणि तरी मोडत नाही.

अशा पदार्थाला आज कॉम्पोझिट म्हणतात, मराठीत संमिश्र. तत्त्व साधं आहे. ताण सोसायला तंतू आणि तंतूंना धरून ठेवायला एखादा चिकट पदार्थ. भिंत लिंपताना मातीत गवत किंवा भुसा कालवतात तेही तेच. नुसती माती वाळली की तडकते, नुसतं गवत उभं राहत नाही, दोन्ही मिळून भिंत टिकते.

आजच्या संमिश्रातला सर्वांत नावाजलेला तंतू कार्बनचा. कार्बन म्हणजे कोळशाचंच मूलद्रव्य. स्वेटरसाठी जी ॲक्रिलिकची लोकर मिळते तिच्याच जातीचा एक धागा घेतात. तो आधी हवेत दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसला भाजतात, मग हवा लागू न देता हजार अंशांहून अधिक तापवतात. हवा नसल्यानं तो पेटत नाही. त्यातली बाकीची द्रव्यं उडून जातात आणि मागे उरतो बहुतांश शुद्ध कार्बनचा काळा, चमकदार धागा. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पाच ते दहा भाग, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून असा तंतू करण्याची वाट ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ अकिओ शिंदो यांनी १९५९ च्या सुमारास दाखवली. १९७१ मध्ये जपानच्याच तोरे कंपनीनं त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं.

पुढचं काम मालेगाव-इचलकरंजीच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. हे तंतू हजारोंच्या संख्येनं एकत्र करून त्यांचं सूत होतं. सुताचं कापड विणतात किंवा ताणा नुसताच शेजारी शेजारी अंथरतात. मग त्याला इपॉक्सीसारख्या राळेत भिजवून थरावर थर रचतात आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. यातली खरी हुशारी थरांच्या दिशेत असते. तंतू आपल्या लांबीच्या दिशेनं अतोनात बळकट असतो, आडव्या दिशेनं मात्र थरांना फक्त राळ धरून ठेवते. पोलादाचा पत्रा सगळीकडून साधारण सारखाच. इथे मात्र बनवणाराच ठरवतो की बळ कुठे हवं आणि लवचीकपणा कुठे. ओढ ज्या दिशेनं येणार तिकडे जास्त थर घालायचे, पीळ पडणार असेल तर तिरपे थर घालायचे. आणि वजन? एक घन सेंटीमीटर पोलाद ७.८ ग्रॅम भरतं, तेवढंच कार्बन-संमिश्र साधारण १.६ ग्रॅम.

स्प्रिंगेसाठी हा पदार्थ फारच योग्य. चांगली स्प्रिंग म्हणजे कमी वजनात जास्त शक्ती साठवून ती सुखरूप परत देणारी वस्तू. मोटारवाल्यांना हे आधी कळलं. १९८१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत मागच्या चाकांना काचतंतूंच्या संमिश्राची एकच पट्टी बसवली होती. आधीचं पोलादी पट्ट्यांचं जुडगं १८ किलोंहून अधिक वजनाचं होतं, ही पट्टी ४ किलोंहूनही कमी.

आगगाडीत ही कमान आणली ती कावासाकीनं, २०१३ मध्ये. पुढे २०१७ साली ज्यांच्या पोलादी चौकटीला तडा गेला, तीच ही कंपनी. ही नवी बोगी त्या घटनेच्या चार वर्षं आधीची आहे, तिच्यावरचा उतारा म्हणून ती जन्मली नव्हती. तिचं नाव ईएफविंग. तिच्यात बाजूच्या दोन पोलादी तुळया नाहीत आणि आसाच्या पेट्यांवरच्या गुंडाळीच्या स्प्रिंगाही नाहीत. दोन्हींच्या जागी प्रत्येक बाजूला कार्बन-संमिश्राची एक लांब, धनुष्यासारखी पट्टी आहे. पट्टीचं एक टोक पुढच्या आसाच्या पेटीवर टेकतं, दुसरं मागच्या. मधल्या फुगवट्यावर पोलादी आडवी तुळई बसते. तुळईचा गोलसर तळ पट्टीवर नुसता ठेवलेला असतो, पट्टीला भोकं पाडून बोल्टनं आवळलेला नसतो. कारण भोक पाडलं की तिथले तंतू तुटणार. पुढच्या आणि मागच्या चाकाला जोडणारा, भार पेलणारा आणि लवणारा असा हा एकच सांधा.

याचा फायदा तीन प्रकारचा. बोगीच्या चौकटीचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. एका बोगीमागे साडेचारशे किलो, म्हणजे एका डब्यामागे ९०० किलो. दहा डब्यांच्या गाडीचा हिशेब केला तर ९ टन. साठ किलोंचा एक उतारू धरला तर दीडशे माणसांएवढं हे ओझं गाडी विनाकारण रोज वाहत होती, प्रत्येक स्थानकावर थांबवत होती आणि पुन्हा पळवत होती. वीज वाचते ती इथे. रुळांची झीजही कमी होते. दुसरा फायदा असा, की स्प्रिंगेची बैठक, तिचं वेल्डिंग, तिथलं घासणं हे सगळं गेलं. आणि तिसरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाजूच्या तुळया आता ताठ नसल्यामुळे रुळाला पीळ पडला की पट्ट्या आपापल्या परीनं लवतात आणि चारही चाकं रुळावर टेकून राहतात. हिबिया मार्गावर जे हलकं झालेलं चाक घातक ठरलं, त्याला खाली दाबून ठेवण्याचं काम ही कमान करते.

या बोगीची चाचणी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथल्या रेल्वे चाचणी मार्गावर झाली. प्रवाशांना घेऊन ती प्रथम धावली मार्च २०१४ मध्ये, आणि तीही एखाद्या झगमगीत शिंकान्सेनला लागून नव्हे. क्युशू बेटावरच्या कुमामोतो इलेक्ट्रिक रेल्वे नावाच्या एका छोट्या खासगी कंपनीनं टोकियोतून निवृत्त झालेले भुयारी मार्गाचे डबे घेतले होते, त्यांच्याखाली ती बसवली गेली. पुढे २०१६ पासून जेआर शिकोकूनं आपल्या जुन्या गाड्यांची डागडुजी करताना त्यांच्याखालीही याच जातीच्या बोग्या घातल्या. वर जुना डबा आणि खाली सर्वांत नवा सांधा, अशी ती जोडी. मोठ्या कंपन्यांच्या आधी लहान रेल्वेनं हे धाडस केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

जपान या वाटेवर एकटा नाही, पहिलाही नाही. १९८० च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या एमबीबी या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं काचतंतूंच्या बोग्या करून रुळांवर चालवून पाहिल्या होत्या. चाचण्या झाल्या, पण त्या नित्याच्या वापरात रुळल्या नाहीत. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाच्या सहभागानं वाया गेलेल्या कार्बन-तंतूंचा पुनर्वापर करून बनवलेली बोगीची चौकट लोकांपुढे आली. चीनमध्ये सीआरआरसी कंपनीनं २०१८ मध्ये बर्लिनच्या रेल्वे प्रदर्शनात कार्बन-संमिश्राची मेट्रो दाखवली. तिची पुढची आवृत्ती १० जानेवारी २०२५ पासून छिंगदाओ शहराच्या मेट्रोच्या पहिल्या मार्गावर प्रवाशांना घेऊन धावू लागली. तिच्या निर्मात्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार बोगीची चौकट पोलादी चौकटीच्या निम्म्या वजनाची आहे आणि पूर्ण गाडी ११ टक्क्यांनी हलकी.

हे सगळं ऐकून वाटेल, की मग उशीर कशाला, उद्याच सगळ्या गाड्यांखाली कार्बनच्या कमानी बसवाव्यात. इथे जरा थांबायला हवं.

१९७० मध्ये रोल्स-रॉइस कंपनीनं विमानाच्या आरबी २११ या इंजिनासाठी कार्बन-संमिश्राची पाती बनवली. ती हलकी होती, बळकट होती. पण उडत्या विमानावर पक्षी आदळतो तेव्हा काय होईल हे पाहण्यासाठी मेलेली कोंबडी त्यांच्यावर फेकली, तेव्हा पात्यांच्या चिरफळ्या उडाल्या. पुन्हा टायटॅनियम धातूकडे वळावं लागलं. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये ती नामवंत कंपनी दिवाळखोरीत निघाली. तंतूंची पाती पुढे यशस्वी झाली, पण तेव्हा १९९५ साल उजाडलं होतं आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं होतं. लांबीच्या दिशेनं अजिंक्य असलेला तंतू आडव्या घावाला कच्चा असतो, हे शिकायला पाव शतक लागलं.

आगगाडीच्या खाली पक्षी नसतात, खडी असते. वेगानं जाणाऱ्या गाडीखालून दगड उडतात आणि बोगीवर आपटतात. पोलादावर पोचा दिसतो. संमिश्रावर वरून नुसता ओरखडा दिसेल आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले असतील. तांदळाच्या पोत्याला वरून काही झालेलं नसावं आणि आत ओल शिरलेली असावी, तसं. शिवाय राळ पेट घेऊ शकते, म्हणून तिच्यावर आगीच्या कडक कसोट्या लावाव्या लागतात. कार्बन आणि धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर धातू भराभर गंजतो, म्हणून मध्ये आडपडदा लागतो. कार्बन-तंतू महाग आहे. आणि पोलाद वितळवून पुन्हा वापरता येतं तितक्या सहज राळेत घट्ट झालेले तंतू सोडवता येत नाहीत. डबे जोडणाऱ्या मुठींमध्ये पोलाद अजून ठाण मांडून आहे, कारण तिथे भार आहे, धक्का आहे आणि सततची घासाघीसही आहे.

तेव्हा प्रश्न पदार्थाच्या बळापेक्षा तपासणीचा जास्त आहे. पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोका मारत जायचा. चाक खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर त्यात चीर. पोलादाची ही भाषा माणसानं दीडशे वर्षांत शिकून घेतली आहे. गंमत अशी, की संमिश्राची एक प्राथमिक तपासणीसुद्धा ठोका मारूनच होते. थर सुटले असतील तिथे आवाज बसका येतो. त्यापुढे ध्वनिलहरींची यंत्रं आहेत. थर रचतानाच आत बारीक प्रकाशतंतू घालून ठेवण्याची युक्तीही आहे. आतल्या ताणाप्रमाणे त्यातून परत येणारा प्रकाश बदलतो आणि सांध्याचं दुखणं बाहेर कळतं. पण यंत्र काय म्हणतं ते वाचणारा, आणि शंका आली की गाडी थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे हवाच. नोझोमी गाडीत वास आला होता, आवाजही आला होता. सांधा बोलत होता. तीन तास त्याचं बोलणं कुणी पुरतं मनावर घेतलं नाही.

आपल्या मुंबईच्या लोकलला हा सांधा मानवेल का? इथे एक वेगळीच अडचण आहे. दुपारी रिकामी धावणारी लोकल संध्याकाळी सहाला इतकी भरते, की रेल्वेला त्या गर्दीसाठी सुपर डेन्स क्रश लोड असा शब्द करावा लागला. रिकाम्या आणि खच्चून भरलेल्या डब्याच्या वजनात इतका फरक असेल तर कमानीला दोन्ही वेळी नेमकं लवावं लागेल. रिकामी असताना फार ताठ नाही, भरलेली असताना फार मऊ नाही. त्यातच पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आणि समुद्राची खारी हवा. कुमामोतोच्या छोट्या रेल्वेत जमलं म्हणून कल्याण-कसाऱ्यात जमेल असं गृहीत धरता येणार नाही. ते इथल्या रुळांवर, इथल्या गर्दीचं ओझं घालून, इथल्या पावसात वर्षानुवर्षं तपासावं लागेल. आणि आधी घाटाखालच्या एखाद्या लहान मार्गावर करून पाहिलं तर त्यात कमीपणा नाही, जपाननंही तेच केलं.

तोवर एक करता येईल. पुढच्या वेळी फलाटावर गाडीची वाट पाहत उभे असाल आणि समोरच्या फलाटाला गाडी लागलेली असेल, तर खिडक्यांच्या खाली नजर टाका. आसाच्या पेटीवरच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा शोधा, त्यांच्यावरची पोलादी तुळई पाहा, ती दोन्ही जिथे टेकतात ती जागा पाहा. आणि हातात विजेरी घेऊन डब्याखाली वाकलेला कर्मचारी दिसला आणि गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, तर त्याच्यावर चिडू नका. गाडीचे सांधे काय म्हणतात ते तो ऐकत असतो.